अविवाहित ख्रिस्ती जीवन आणि समाधान : नेमकं करायचं काय?

पांझराकाठ (धुळे)

सलाम मंडळी. तिशी-पस्तिशी ओलांडली आणि लग्न झालेलं नसलं, की मंडळीत (चर्चमध्ये) दोनच गोष्टी कानावर पडतात. "प्रभूची वेळ येईल" आणि "प्रभू पुरेसा आहे." दोन्ही खऱ्या. पण सोमवारी सकाळी उठून त्यांचं काय करायचं, हे सांगणारं कुणी भेटत नाही. हा धागा तेवढ्यासाठी काढला आहे. कहाण्या नकोत, त्या साक्षींच्या धाग्यावर टाका. इथे काय करायचं, किती, कसं, आणि कुठे फसतं एवढंच लिहा.

सुरुवात मी करतो. फिलिप्पै ४:११ सगळ्यांना पाठ असतं : ज्या स्थितीत आहे तिच्यात संतुष्ट राहायला मी शिकलो आहे. पण हे वाक्य कुठल्या पत्रात आहे ते पाहा. प्रेषित पौल कैदेत आहे, फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली आहे, आणि हा भाग म्हणजे त्या मदतीची पोच (४:१८). तीनच ओळींनंतर तो लिहितो की माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत. हाच पौल २ तीमथ्य ४ मध्ये तीमथ्याला दोनदा सांगतो, लवकर ये, हिवाळ्यापूर्वी ये, येताना त्रोवसात राहिलेला झगा आण, पुस्तकंही आण. रोमकरांस १६:१३ मध्ये रूफाच्या आईला तो स्वतःचीही आई म्हणतो.

म्हणजे समाधानाचं सगळ्यात प्रसिद्ध वचन लिहिणारा हा एकटा माणूस माणसं मागतो, कपडा मागतो, मिळालेल्या पैशाचे आभार मानतो. "मला कुणाची गरज नाही" असं म्हणण्याला आपण समाधान समजतो. माझ्या मते सगळी गडबड तिथून सुरू होते.

तिसरी घंटा (जळगाव)

चांगला धागा. १ करिंथ ७, म्हणजे पौलाने लग्न आणि अविवाहित राहणं यावर लिहिलेला अध्याय, शिकवणाऱ्यांसाठी थोडं.

७:८ (माझ्यासारखे अविवाहित राहाल तर बरं) एकटं उचलू नका. आधी ७:२५ घ्या : कुमारिकांविषयी प्रभूची आज्ञा मला नाही, मी माझं मत देतो, असं पौल स्वतःच सांगतो. मग ७:२६, म्हणजे हा सल्ला तेव्हाच्या अडचणीच्या काळाला धरून आहे. मग ७:३२-३४, चिंतेची वाटणी : लग्न झालेल्याला जोडीदाराची, न झालेल्याला प्रभूच्या गोष्टींची. आणि ७:३५ वाचल्याशिवाय वर्ग सोडू नका, कारण तुम्हाला फासात अडकवायला मी हे बोलत नाही असं तिथे स्पष्ट आहे. चाळीस मिनिटांत एवढंच होतं. मत्तय १९:१०-१२ (स्वर्गाच्या राज्यासाठी लग्न न करणारे) त्यात कोंबलं तर दोन्ही अर्धवट राहतात. ते पुढच्या आठवड्यात, यशया ५६:३-५ जोडून घ्या. षंढाने, म्हणजे ज्याला मुलंबाळं होणार नाहीत त्याने, स्वतःला वठलेलं झाड म्हणू नये, पुत्र-कन्यांपेक्षा उत्तम नाव देईन, असं तिथे परमेश्वर म्हणतो. मूल नसल्याचं दुःख या वचनाइतकं थेट फार कमी ठिकाणी हाताळलं आहे, आणि आपल्याकडे त्यावर प्रवचन जवळजवळ ऐकू येत नाही.

दोन वचनांचा हमखास गैरवापर होतो. एक, उत्पत्ती २:१८. "मनुष्य एकटा असावा हे बरे नाही" हे अविवाहितांना शेरा मारल्यासारखं ऐकवलं जातं. यिर्मयाला लग्न करू नकोस असं देवानेच सांगितलं (१६:२), आणि येशू स्वतः अविवाहित होता, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात नसतं. दोन, स्तोत्र ३७:४. परमेश्वराच्या ठायी आनंद माना, तो मनोरथ पुरवील. याचं सूत्र बनवलं जातं : आनंद भरा, स्थळ मिळवा. ३७:१ ते ११ सलग वाचा. दुष्टांची भरभराट बघून जळफळू नका असं ते स्तोत्र सांगतंय. सोयरिकीचा तिथे विषयच नाही.

सातपुड्याखाली (नवापूर)

भाऊ, तरुण संघात हमखास येणारा प्रश्न : ७:७ मधलं अविवाहित राहण्याचं "कृपादान" मला आहे की नाही, हे ओळखायचं कसं?

तिसरी घंटा (जळगाव)

पौलाने चाचणी दिलेली नाही. दोन मतं आहेत. पहिलं : ज्याला लग्नाची ओढ फारशी छळत नाही त्याला हे दान आहे. आधार ७:९ (जळण्यापेक्षा लग्न करणं बरं). दुसरं : आज ज्या अवस्थेत आहात तीच आजचं दान आहे, उद्या बदलली तर उद्याचं वेगळं. आधार ७:१७-२४ (देवाने बोलावलं तेव्हा ज्या स्थितीत होता तिच्यातच राहा). अभ्यासकांत दोन्ही बाजूंना वजनदार लोक आहेत.

माझा कल दुसऱ्याकडे, आणि कारण अगदी व्यवहारातलं आहे. पहिलं मत धरून बसणारा माणूस रोज स्वतःची नाडी तपासतो. आज ओढ वाटली, म्हणजे दान नाही. दान नाही आणि लग्नही नाही, म्हणजे देव विसरला. या हिशेबात वर्षं जातात. लग्नाची इच्छा असणं हा अविश्वास नाही, हे तरुण संघात स्वच्छ शब्दांत सांगा. इच्छा आणि समाधान एकाच माणसात एका वेळी असू शकतात.

जपमाळ (भुसावळ)

कॅथलिक बाजूने एक तुलना मांडते, कारण प्रोटेस्टंट बंधुभगिनींना ती बहुधा माहीत नसते.

आमच्याकडे धर्मभगिनी होऊ पाहणाऱ्या मुलीला कुणी थेट आयुष्यभराचं व्रत देत नाही. चर्चच्या कायद्यानुसार नॉव्हिशिएट, म्हणजे उमेदवारीचा काळ, किमान बारा महिन्यांचा. मग तात्पुरती व्रतं, किमान तीन वर्षांची. त्यानंतर कायमची. या सगळ्या काळात मार्गदर्शक असते, वेळापत्रक असतं, एकत्र जेवण असतं, आजारी पडलं तर बघणारं माणूस असतं. आणि ही वाट त्यांनी आपणहून निवडलेली असते!

ज्यांनी निवडलेली नाही, ज्यांचं फक्त जमलं नाही, त्यांना मात्र एका प्रवचनात "आनंदी राहा" सांगून मोकळं करतात. ना मार्गदर्शक, ना वेळापत्रक, ना पंगत. मग सहा महिन्यांत चेहरा उतरलेला दिसला की "विश्वास कमी पडला."

म्हणून माझा सल्ला असा की व्रत घेऊ नका, पण त्या जीवनाचा सांगाडा उसना घ्या. प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा, आठवड्यातून किमान दोन जेवणं कुणाबरोबर तरी, महिन्यातून एकदा एका प्रौढ, गुपित पोटात ठेवणाऱ्या व्यक्तीशी तासभर बोलणं, आणि वर्षातून एकदा दोन-तीन दिवस रिट्रीट (प्रार्थनेसाठी एकांत). यातलं "महिन्यातून एकदा" सगळ्यात आधी गळतं, कारण तारीख ठरलेली नसते. तारीख धरा, "पहिला शनिवार" असं.

कळणा भाकरी

जपमाळताई, एकदम पटलं. आमच्याकडे मार्गदर्शक म्हणजे लग्न जमवणाऱ्या मावश्या. :)

केळीचं पान (यावल)

प्रार्थनेबद्दल लिहितो, कारण जपमाळताईंनी वेळा म्हटल्या पण त्यात भरायचं काय ते राहिलं.

स्तोत्रसंहिता धरा. दीडशे स्तोत्रं, रोज पाच, महिन्यात एक फेरी. तीन सकाळी, दोन रात्री. ११९ वं सोडून, त्याच्या १७६ ओव्या आहेत. आठ-आठ ओव्यांचे बावीस भाग आहेत, रोज एक भाग वेगळा जोडा. एवढं झेपत नसेल तर सकाळी एक, रात्री एक. अडीच महिने लागतील, लागू देत.

फायदा असा की रडगाण्यालाही जागा मिळते. आपल्या सभांमध्ये आभार आणि विनंत्या असतात, तक्रार नसते. स्तोत्रांत मात्र तक्रारीचीच गर्दी आहे. तेराव्यापासून सुरुवात करा, सहाच ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत "किती वेळ?", पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. वहीत तीन कप्पे पाडा आणि प्रत्येकात स्वतःची दोन वाक्यं लिहा. पंधरा मिनिटं पुरतात. फसतं ते असं की लोक उडी मारून पाचव्या ओवीवर जातात, भरवसा आधी लिहून टाकतात आणि "किती वेळ?" गिळतात. ते गिळलेलं रात्री अकराला फोन हातात घेतल्यावर वर येतं. ज्या दिवशी भरवशाची ओळ खरी वाटत नाही त्या दिवशी ८८ वं वाचा. ते अंधारातच संपतं, आणि तरीही पवित्र शास्त्रात आहे.

रात्री झोपताना १३१ वं. तीनच ओव्या. त्यातलं मूल दूध तुटलेलं आहे, म्हणजे आईच्या कुशीत आहे पण आता दुधासाठी नाही. समाधानाचं याहून नेमकं चित्र मला माहीत नाही. दूध तुटताना मूल रडतंच, हेही स्तोत्रकर्त्याला ठाऊक असणार.

उपासाबद्दल सावध. "चांगलं स्थळ यावं" म्हणून एकवीस दिवस, चाळीस दिवस उपास धरायची पद्धत आपल्याकडे आहे. सौदा म्हणून केलेल्या उपासानंतर स्थळ आलं नाही की माणूस प्रार्थनाच सोडतो. उपास करायचा तर आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा, ते पैसे गरजूला द्या, आणि त्या उपासाला लग्नाचा विषय जोडूच नका. मधुमेह, आम्लपित्त, बीपीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तेही नको.

पांझराकाठ (धुळे)

उत्तम. आता रविवारचं कुणीतरी लिहा. उपासना सुटली की कुटुंबं स्कूटरवर बसून निघून जातात आणि एकटा माणूस गेटवर उरतो. तिथून संध्याकाळपर्यंतचे तास सगळ्यात जड.

रेल्वे क्वार्टर (भुसावळ)

जड तासांवर उपाय जेवण. आणि नुसतं "या कधीतरी जेवायला" नको, नावं लिहिलेला तक्ता हवा. मंडळीत आठ-दहा घरं तयार झाली की प्रत्येकाची पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, कुणावर भार पडत नाही. तक्ता महिला मंडळाकडे देऊ नका. तिथे तो "एकट्यांना जेवू घालणे" असा सेवाप्रकल्प होतो. एकटे आणि कुटुंबं, दोघांची नावं यजमान म्हणून त्याच तक्त्यात टाका. कायम पाहुणा राहणाऱ्या माणसाला आपण ओझं आहोत असं वाटायला लागतं. महिन्यातून एकदा तरी पाट त्याने मांडावा.

खोली लहान, भांडी कमी, एकट्याने इतक्यांना काय करायचं? वरण-बट्टी. आठ जणांना : गव्हाचं जाडसर दळलेलं पीठ एक किलो, मूठभर मक्याचं पीठ, ओवा, हळद, मीठ, पाऊण वाटी तेलाचं मोहन. तूरडाळ ४०० ग्रॅम. वांगी एक किलो, घोटून भाजी. पीठ घट्ट भिजवा, गोळे करून शनिवारी रात्री वीस-पंचवीस मिनिटं वाफवून ठेवा. रविवारी उपासनेहून आल्यावर फक्त कापायचं आणि तळायचं. वरणाचा कुकर निघण्यापूर्वी लावून जा, भाजीसुद्धा सकाळीच. दोन ठिकाणी बिघडतं : नेहमीचं चपातीचं बारीक पीठ घेतलं तर बट्टी चिवट होते, आणि गोळे गरम असताना कापले तर भुगा होतो. तूप पाहुण्यांना आणायला सांगा. रिकाम्या हाताने न आलेला पाहुणा जास्त वेळ बसतो.

आणि पाहुणे गेल्यावर पसारा एकट्याने आवरायचा नाही. भांडी सगळ्यांनी मिळून घासायची. खऱ्या गप्पा मोरीपाशी होतात.

कळणा भाकरी

बट्टी वाफवायची की पाण्यात उकळायची यावर वेगळा धागा निघू शकतो, इथे नको, भांडणं होतील.

लग्नसराईचं काय? ईस्टर झाला की वैशाखापर्यंत दर आठवड्याला पत्रिका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी आलेल्या. आणि प्रत्येक मांडवात, "तुनं लगीन कव्हय?"

पांझराकाठ (धुळे)

एक वाक्य ठरवून ठेवा आणि दर वेळी तेच, त्याच शब्दांत, हसून सांगा. "जमलं की पहिली पत्रिका तुम्हाला, आत्या." दर वेळी नवं उत्तर दिलं की समोरच्याला नवा प्रश्न सुचतो. आईवडील, मोठा भाऊ यांचं वेगळं. त्यांना वर्षातून एकदा समोर बसून सगळं सांगा : इच्छा आहे का, कुठपर्यंत तडजोड चालेल, कशाला नकार आहे. मग उरलेलं वर्ष "आपलं बोलणं झालंय" एवढं पुरतं.

मांडवात काम घ्या. पंगत, गीतांच्या पुस्तिका, म्हाताऱ्यांना स्टँडवरून आणणं. हाताला काम असलं की प्रश्न कमी येतात. आणि आहेर : कमावत्या एकट्या माणसाकडून भरघोस आहेराची अपेक्षा असते, "तुला काय खर्च?" वर्षाची रक्कम जानेवारीत ठरवा, पत्रिकांच्या अंदाजाने भागा, आणि सख्खे सोडून सगळ्यांना सारखा आहेर द्या.

पाळकांना विनंती : वेदीवरून "आता पुढचा नंबर कुणाचा?" हा विनोद बंद करा. हशा होतो, पण ज्याच्यावर होतो तो पुढच्या लग्नाला येत नाही.

सातपुड्याखाली (नवापूर)

इथपर्यंतचं सगळं शहरातल्या, नोकरीच्या, स्वतःच्या खोलीच्या माणसाचं झालं. आमच्या तालुक्यातल्या गावांत अविवाहित बहीण स्वतंत्र राहतच नाही. ऊसतोडीच्या हंगामात घरचे गुजरातकडे गेले की म्हातारे आईबाप, भावाची लेकरं, बैल, कोंबड्या, सगळं तिच्या गळ्यात. "अविवाहितेला प्रभूच्या गोष्टींची चिंता असते" हे ७:३४ तिला वाचून दाखवलं तर ती हसेल.

अशा घरात समाधानाचं पहिलं पाऊल म्हणजे वाटणी. १ तीमथ्य ५:४ मध्ये आईवडिलांचं ऋण फेडायचं काम मुलांना आणि नातवंडांना सांगितलं आहे. अविवाहित मुलगी एकटीच त्याची धनी आहे असं तिथे नाही. करायचं ते असं. नाताळात सगळे घरी आले की बसा. कागदावर चार रकाने पाडा : पैसा, दवाखाना, रोजचं काम, रात्रीची सोबत. प्रत्येक रकान्यापुढे भावंडांची नावं लिहा. जो अंगाने करू शकत नाही त्याने पैशाने करायचं. हंगामाचे महिने बहिणीने सांभाळले तर पावसाळ्यात तिला महिना-दोन महिने मोकळीक, हेही लिहा. बैठकीला मंडळीतला एक वडील माणूस हवाच, नाहीतर मोठा भाऊ बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

कागद झाला तरी मोडतोच, साधारण होळीच्या आसपास. म्हणून त्याच बैठकीत पुढची तारीख घ्या, म्हणजे परत बसायचं निमित्त तयार असतं.

तिसरी घंटा (जळगाव)

सातपुड्याखाली, हे प्रवचनांत यायला हवं.

सेवेतही तेच होतं. एकट्या माणसाला वेळच वेळ, असं समजून संडे स्कूल, कॉयर, हिशेब, सजावट, चाव्या, सगळं त्याच्यावर. नियम करा : एक मोठी जबाबदारी आणि एक लहान, तिसरी आली की "कुठली काढून घेता?" असं विचारायचं. आणि राबवून घेताय तर मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीतही घ्या. निर्णय विवाहितांचे आणि झाडू अविवाहितांचा, हे चालणार नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण या विषयावर हटकून दिलं जातं, की "बघा, एकटीने केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, बायबलचं भाषांतर केलं." आदर पूर्ण आहे. पण त्या विधवा होत्या, १८८२ मध्ये पती वारले, पदरी मुलगी होती. त्यांचं एकटेपण वेगळं. आणि मुक्तीमध्ये त्या एकट्या राहत नव्हत्या, शेकडो बायकामुलींमध्ये राहत होत्या, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लूक २ मधल्या हन्नाचंही तसंच. सात वर्षांचा संसार, मग दीर्घ वैधव्य. कधीच लग्न न झालेल्यांना थोर विधवांच्या गोष्टी सांगून उभारी देणं थोडं तिरपं जातं.

जपमाळ (भुसावळ)

देहाच्या ओढीबद्दल कुणीच लिहीत नाही म्हणून मी लिहिते. १ करिंथ ७:९ मध्ये पौल "जळणं" असा शब्द उघड वापरतो, मग आपण का लाजायचं?

मोह येण्याच्या वेळा ठरलेल्या असतात : रात्री उशिरा, प्रवासातल्या लॉजवर, मोठ्या कामाचा ताण संपल्यावर, आणि इतरांची लग्नं पाहून आल्यावर. म्हणून निश्चयापेक्षा बंदोबस्त कामाचा. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात, उठायला साधं गजराचं घड्याळ. लग्नाहून परतायच्या रात्री आधीच कुणाकडे तरी मुक्काम. आपल्याच लिंगाची एक व्यक्ती, जी आठवड्याला एकदा सरळ विचारेल, "हा आठवडा कसा गेला?", आणि ऐकून उपदेश करणार नाही. ही व्यक्ती घरातली नको आणि व्हॉट्सॲप गट तर मुळीच नको. घसरलात तर दुसऱ्या दिवशी नेहमीची स्तोत्रं नेहमीच्या वेळी. शिक्षा म्हणून दुप्पट प्रार्थना लावून घेतली की दोन दिवसांत दोन्ही सुटतात.

केळीचं पान (यावल)

आणि स्थळ बघणं? समाधान शिकायचं म्हणजे शोध थांबवायचा का?

पांझराकाठ (धुळे)

नाही, फक्त शोधाला कुंपण हवं. आपला समाज धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत विखुरलेला आणि लहान. त्यात पंथ, जात, नोकरी अशा चाळण्या लावल्या की हातात चार-पाच नावं उरतात. मग नाशिक, पुणे, अहिल्यानगरपर्यंत जावंच लागतं. वर्षातले ठरावीक महिने शोधाला द्या, उदाहरणार्थ पावसाळा संपल्यापासून नाताळापर्यंत. बायोडेटा दोनच विश्वासू माणसांमार्फत फिरवा, अनोळखी गटांवर टाकू नका. इतर महिन्यांत आलेलं स्थळ नोंदवून ठेवा, चर्चा हंगामात. वर्षभर दर रविवारी याच विषयावर घर चालत असेल तर समाधान शिकायला मोकळा दिवसच उरत नाही.

अटींच्या यादीत "प्रभूमध्ये" (१ करिंथ ७:३९), म्हणजे जोडीदार विश्वासातलाच हवा, ही एक अट पक्की ठेवा, बाकीच्यांवर पेन्सिलीने लिहा. आणि घाईचं स्थळ नाकारल्याबद्दल कुणी "देवाचं दार लाथाडलंस" म्हणालं तर ते मनाला लावून घेऊ नका.

रेल्वे क्वार्टर (भुसावळ)

आजारपणाचा कागद विसरू नका. एका पानावर रक्तगट, चालू गोळ्या, ॲलर्जी, डॉक्टर, विमा पॉलिसीचा क्रमांक, दोन फोन नंबर. एक प्रत दाराच्या आतल्या बाजूला, एक पाकिटात. खोलीची दुसरी किल्ली पाच मिनिटांत पोचेल अशा माणसाकडे; चाळीसगावच्या सख्ख्या भावापेक्षा शेजारची काकू बरी. रोज सकाळी एकाच माणसाला एक ठरलेला निरोप, साधा अंगठासुद्धा चालेल. सकाळी नऊपर्यंत तो दिसला नाही तर त्याने फोन करायचा, उचलला नाही तर दार वाजवायचं. रात्रीच्या भीतीवर हा उपाय विलक्षण चालतो.

काळा कोट (धुळे)

कायद्याचं मी बघतो. ख्रिस्ती व्यक्तीला भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो. अविवाहित, अपत्य नसलेली व्यक्ती मृत्युपत्राविना गेली तर वडील हयात असल्यास सगळी मालमत्ता वडिलांना (कलम ४२). आईला काही नाही, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. वडील नसतील तर आई आणि भाऊबहिणींना सारखा वाटा (कलम ४३). ज्या बहिणीने शेवटपर्यंत केलं तिला वेगळं काही मिळत नाही, आणि मंडळीला तर काहीच नाही. हे बदलायचं तर मृत्युपत्र हवं.

साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करून घ्या. दोन साक्षीदार हवेत. ज्याला काही द्यायचं आहे त्याला साक्षीदार करू नका. त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेली देणगी रद्द होते (कलम ६७). पूर्वी जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादाय कामाला मृत्युपत्राने काही ठेवताना कलम ११८ आडवं येत असे. मरणाआधी किमान वर्षभर लिहिलेलं हवं वगैरे. सर्वोच्च न्यायालयाने ते २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवलं.

या धाग्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम ६९ : लग्न झालं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द. म्हणजे पस्तिशीत केलं आणि बेचाळीसाव्या वर्षी लग्न झालं, तर नवं लिहायचं. "लग्न होईल कदाचित, मग कशाला आत्ता" या विचाराने थांबू नका.

बँकेतला नॉमिनी मालक होत नाही, तो फक्त पैसे उचलतो, हक्क वारसांचा. आणि आदिवासी बंधुभगिनींनी जमिनीबाबत आधी वकील गाठावा. बिगर-आदिवासीच्या नावे जमीन द्यायला महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं, शिवाय वारशात रूढीचा प्रश्न निघू शकतो.

सातपुड्याखाली (नवापूर)

वकीलसाहेब, घरातली एक रक्कम मंडळीच्या बालवाडीला ठेवायची आहे, असा प्रश्न आमच्याकडे एका ताईंचा आहे. पाळकसाहेबच साक्षीदार झाले तर चालेल?

काळा कोट (धुळे)

रक्कम पाळकांच्या नावे नसून संस्थेच्या नावे असेल तर कलम ६७ त्यांना थेट लागत नाही. तरी मी टाळायला सांगेन. उद्या भावांनी आक्षेप घेतला तर पहिला आरोप "पाळकांनी लिहून घेतलं" हाच येतो. शेजारी, डॉक्टर, शाळेतले शिक्षक असे दोन घ्या, वयाने ताईंपेक्षा लहान, म्हणजे पुढे न्यायालयात यायला हयात असतील. "मंडळीला" असं मोघम लिहू नका; न्यासाचं नोंदणीकृत नाव आणि नोंदणी क्रमांक जसाच्या तसा घाला, आणि बालवाडी बंद पडली तर रक्कम कुठल्या कामाला जावी तेही एका ओळीत लिहा. मूळ प्रत घरातल्या कपाटात नको, लॉकर असेल तर तिथे, आणि ती कुठे आहे हे दोघांना सांगून ठेवा.